कार्डाच्या पाठीवर

सोमवार, ११ सप्टेंबर

प्रिय टिचकी,

बाबा आपल्या शाळेच्या बुटांची मापं घ्यायचे, तो रविवार आठवतो का? कारखान्याच्या फरशीवर खाकी कागद, त्यावर तुझा डावा पाय, आणि बाबांच्या हातात बोटभर उरलेली पेन्सिल. पेन्सिल तळव्याच्या खोलगट भागाशी आली की तू हसायचीस, पाय उडायचा, रेघ वाकडी व्हायची. बाबा म्हणायचे, हसऱ्या रेघेवर बूट शिवला तर तो चालताना खिदळेल. मग नवा कागद. एकदा कागद संपले आणि ती वाकडी रेघच तुझ्या माप-कार्डावर चिकटली. पुढे त्यावर मोठेपणीची मापं चढत गेली, पण कोपरा उचलला की खाली ती अजून दिसते.

तुझा अर्ज आज मिळाला. कार्यालयाची रीतसर पोच वेगळ्या पाकिटातून येईल. हे पत्र माझं.

अर्ज पाहून आधी हसूच आलं. नऊ वर्षं एक ओळ नाही, आणि आली ती छापील फॉर्मवर, तुमच्या देशातल्या कायद्याचं कलम घालून: आपल्याकडे माझ्याबद्दल असलेली सर्व माहिती तीस दिवसांत मिळावी. ‘संस्थेशी संबंध’ या रकान्यात तू लिहिलंस, माजी ग्राहक. दोन इंच जागा होती. बहीण हा शब्द त्यात मावला असता. असो. पण शेवटच्या रकान्यात तुझ्या हाताने लिहिलेली ओळ आहे आणि अक्षर अजून शाळेतल्या सिस्टरांनी वळवलेलं तसंच आहे: ‘माझं माप-कार्ड, मागच्या मजकुरासह.’

मागच्या मजकुरासह. बाबांची ती सवय तुझ्याही हाडात मुरली आहे तर. कार्डाच्या पुढच्या बाजूला पाय, मागच्या बाजूला माणूस. ग्राहक काही बोलला की हातातलं काम ठेवून तारीख-वेळेसह पाठीवर लिहायचं. ‘उजवा अंगठा पावसात ठणकतो.’ ‘नवरा गेला, तरी काळा जोड नको म्हणते.’ ‘मुलीच्या लग्नात नाचायचं आहे, तळ हलका ठेवा.’ असमान पायांची माणसं आपल्याकडे येतात ती बुटांसाठी, आणि पुन्हा येतात ती आपण विसरलो नाही म्हणून, असं बाबा म्हणायचे.

काळजी करू नकोस. आता आपलं दुकान पूर्वीचं नाही. तीन देशांत ग्राहक आहेत आणि तीन देशांचे कायदे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. तीस दिवस म्हणजे तीस दिवस. तुला सगळं मिळेल.

तुझी,
ताई

---

शुक्रवार, १५ सप्टेंबर

प्रिय टिचकी,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर म्हणजे काय, टपालाच्या पोचपावतीची प्रत. त्यावर माझी सही आणि तारीख, गुरुवार, ७ सप्टेंबर. सोबत एक अक्षर नाही. शाळेतही तू अशीच होतीस. तक्रार करायची नाहीस, वही उघडून समोर ठेवायचीस.

हो. अर्ज गुरुवारी आला आणि मी सोमवार लिहिला. नीतिशिक्षणाच्या सिस्टर म्हणायच्या, खरं सांगायचं तर पूर्ण वाक्यात सांगा, अर्धं खरं हे खोट्याचं धाकटं भावंड. तर पूर्ण सांगते.

दर सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी आपल्याकडे कागद फाडणारी गाडी येते. ज्यांनी सात वर्षांत जोड करून घेतला नाही, त्यांची कार्डं त्या दिवशी नष्ट करतो. पूर्वी बाबा एकही कागद टाकत नसत. आता गरज संपलेली माहिती जपून ठेवणं हाही अपराधच धरतात. तुझा शेवटचा जोड दहा वर्षांपूर्वीचा. तीन वर्षं यादीत तुझं नाव आलं आणि तीनदा मी ते खोडलं. खोडलं की कारण लिहावं लागतं. मी लिहायची, ‘तक्रार चालू’. माझ्या लेकीने, आता कारखान्याचा संगणक आणि निम्मा कारभार तीच बघते, एकदा विचारलं, ही कुठली तक्रार जी संपतच नाही? मी म्हटलं, तुझ्या मावशीची आहे, तिला घाई नसते.

गुरुवारी तुझं पाकीट मी एकटीनेच फोडलं. शुक्रवारी सकाळी गाडी आली. मी पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं आणि तुझं कार्ड गठ्ठ्यात. या वर्षी नाव खोडलंच नाही. यादी जुनी, नियम माझाच, कुणी बोट दाखवू शकलं नसतं. सोमवारी ‘अर्ज आजच मिळाला, पण कार्ड मुदतीनुसार नष्ट झालं आहे’ असं उत्तर गेलं असतं आणि विषय मिटला असता. वाक्यसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं होतं.

गठ्ठा घेऊन मी खिळेकाकांच्या बाकाजवळून जात होते. बाबांच्या वेळचे तेवढेच उरलेत. अजून तोंडात दहा-बारा खिळे धरून काम करतात, आणि खिळे फक्त जेवताना आणि भांडताना काढतात. त्यांना सगळ्यात वरचं कार्ड दिसलं. त्यांनी एकेक खिळा तळहातावर काढला.

“टिचकीचं कार्ड चाललंय, तर तिचा साचा तरी कशाला ठेवायचा?” ते म्हणाले. “तोही द्या गाडीत. लाकूड फाडतं का त्यांचं यंत्र, बघू तरी.”

फळीवरून तुझ्या डाव्या पायाचा लाकडी साचा त्यांनी खरंच काढला आणि माझ्यापुढे धरला. टाचेशी त्यांच्याच हाताने कोरलेलं आहे, अठ्ठावीस मिलिमीटर जादा उंची, तुझा तो पाय तेवढा आखूड म्हणून. त्यांना अर्जाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त माझा चेहरा ठाऊक आहे, चाळीस वर्षांपासून.

अर्ज आल्यावर कार्ड फाडणं म्हणजे मुदत पाळणं नव्हे, पुरावा नष्ट करणं. हे मी दर महिन्याला नव्या कारागिरांना शिकवते. गाडीवाल्याला म्हटलं, एक कार्ड कमी करा. त्याने यादीत खाडाखोड केली आणि शेजारी माझी सही घेतली. त्या सहीची प्रतही तुला मिळेल, कारण नियमाने तीही तुझ्याबद्दलचीच माहिती. शुक्रवारचं हे सगळं तुला कळू नये म्हणून पहिल्या पत्रात सोमवार लिहिला.

ताई

---

शनिवार, २३ सप्टेंबर

टिचके,

तू माझ्या लेकीशी बोलतेस हे मला नवं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती ‘जरा पाय मोकळे करून येते’ म्हणून बाहेर पडते आणि तासाभराने तुझ्यासारखी हसत परत येते. पण हे कार्ड तुला का हवं, ते तिने मला या आठवड्यात सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. तुला स्वतःचा कारखाना काढायचा आहे, स्वतःच्या नावाने, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आणि तुमच्याकडचं नोंदणी कार्यालय परवाना देत नाही, कारण त्यांच्या वहीत तुझ्या नावापुढे नऊ वर्षांपूर्वीचा शेरा आहे: माहिती चोरीला गेल्याचं मुदतीत कळवलं नाही.

लेक म्हणाली, “मावशीने फक्त एवढंच म्हटलं की तो शेरा खोटा आहे आणि त्याचा कागद तुझ्या आईकडे आहे.”

मी तिला म्हटलं, कपाट लाव आणि जा जेवायला.

तू हे कारखान्याचं नवं रूप पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. कार्डांची तीन कपाटं आहेत, तीन रंगांची. आपल्याकडच्यांचं पांढरं, तुमच्याकडच्यांचं हिरवं, उत्तरेकडच्या देशातल्यांचं पिवळं. पिवळ्यात नुसत्या प्रती, कारण उत्तरेकडे असा बूट म्हणजे औषधासारखाच धरतात. मूळ कागद त्यांच्याच भूमीवर राहिला पाहिजे, आणि तोही पंधरा वर्षं. तुमच्याकडे उलट. ग्राहकाने पुसा म्हटलं की पुसायचं. आपल्याकडे परवापर्यंत काहीच नव्हतं, आणि आता आलंय ते दोघांच्या मधलं. संगणकातही असेच तीन कप्पे, तीन चाव्या. लेक हसते, म्हणते, आई, संगणकाला रंग कशाला? मी म्हणते, मला लागतो.

मागच्या वर्षी एका निवृत्त टपालवाल्याने मजा केली. माणूस उत्तरेचा, म्हातारपणी मुलाकडे तुमच्या देशात राहायला आला आणि तिथल्या कायद्याने लिहिलं, माझं सगळं पुसून टाका. उत्तरेचा कायदा म्हणतो पंधरा वर्षं हात लावू नका. ऐकावं कुणाचं? मोठमोठ्या कंपन्यांचे वकील यावर महिनोन् महिने घालवतात. आम्ही त्याचं नाव-पत्ता मापापासून वेगळा केला, माप उत्तरेच्या रुग्णालयात मोहरबंद केलं, आपल्याकडचं सगळं पुसलं आणि दोन्हीकडे काय केलं ते सरळ लिहून कळवलं. दोन्ही कार्यालयांनी मान डोलावली. टपालवाल्याने आभाराचं पत्र पाठवलं, तर तेही आम्हाला नियमाने फाडावं लागलं. असं सगळं मला जमतं. बाहेरचे लोक शिकायला येतात. मी त्यांना पहिलं वाक्य हेच सांगते, काही चोरीला गेलं तर पहिल्या तासात कळवा.

हे वाक्य बोलताना नऊ वर्षांत माझा आवाज एकदाही अडखळला नाही. त्याचीच मला आता लाज वाटते.

काल वकीलबाईंकडे गेले होते. तुझं कार्ड त्यांनी चष्मा वर करून वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, पुढची बाजू द्यावीच लागेल. मागची बाजू म्हणजे तुमची खासगी टिपणं, असा मुद्दा मांडता येईल. टिकेल की नाही सांगता येत नाही, पण वर्षभर तरी जाईल.

“मांडू का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नको.

“का नको, ते मला ठाऊक असलेलं बरं.”

“कारण ती अठ्ठावन्न वर्षांची आहे,” मी म्हटलं, “आणि तिच्याकडे घालवायला वर्ष नाही.”

वकीलबाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, बरं झालं, सरळ काम क्वचितच येतं माझ्याकडे.

ताई

---

शनिवार, ३० सप्टेंबर

टिचके,

आज मागची बाजू उतरवून काढली. तुला ते फोन तोंडपाठ असतील, पण माझ्या हाताने पुन्हा लिहिते, म्हणजे पुढे कुणी मला हे माझंच अक्षर नाही म्हणायला लावणार नाही.

‘मंगळवार, दुपारी १२.४०. फोन. क्लिनिकसमोर उभ्या गाडीतून बॅग चोरीला. २११ कार्डांच्या प्रती, नावं, पत्ते, आजार सगळं. म्हणते, इथे तीन दिवसांत कळवावं लागतं. मी म्हटलं, थांब, सापडेल.’

‘बुधवार, सकाळी ९.१०. पुन्हा फोन. रडत नाही, पण हळू बोलते. म्हटलं, दोन दिवस कळ काढ, उत्तरेच्या सह्या होऊ दे.’

‘शुक्रवार, ४.००. म्हणाली, ताई, आज मुदत संपते. मी म्हटलं, मी सांगेपर्यंत एक अक्षर कुणाला लिहायचं नाही.’

आणि त्याखाली, वेगळ्या शाईत: ‘पायाचं विचारायचं राहिलं.’

कार्डावर पहिल्या नोंदीत एक काळी पट्टी दिसेल. ती माझी लबाडी नाही. तिथे गाडी उघडी ठेवणाऱ्या परिचारिकेचं नाव होतं, आणि तिची माहिती तुला द्यायचा मला हक्क नाही. अख्ख्या कार्डावर झाकलेलं तेवढंच.

तू घाबरून मला फोन केलास आणि मी हातातलं काम ठेवून बाबांच्या सवयीने लिहीत बसले. तू माझी शाखा चालवत होतीस, पण हाताला ते ठाऊक नव्हतं. हाताला एवढंच ठाऊक, की टिचकीचं कार्ड आहे आणि टिचकी बोलते आहे. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने असलं काही स्वतःच्या हाताने कार्डावर लिहून ठेवलं नसतं.

उत्तरेच्या रुग्णालयाशी करार त्या शुक्रवारी व्हायचा होता, आणि त्यांना लेखी हवं होतं की आमच्याकडे अशी घटना कधी घडलेली नाही. मी ते लिहून दिलं, तुझ्या तिसऱ्या फोनच्या दोन तास आधी. पुढे एकोणिसाव्या दिवशी तुमच्याकडच्या एका आजीबाईंना कुण्या भामट्याने त्यांच्याच पायाच्या आजाराचं नाव घेऊन औषध विकायचा प्रयत्न केला, त्यांनी तक्रार केली, आणि कार्यालयाने आपल्याला विचारलं. तेव्हा मी मुख्य कार्यालयाच्या कागदावर लिहिलं, ‘आम्हाला ही घटना शाखाप्रमुखांनी अठराव्या दिवशी कळवली.’ शाखाप्रमुख तू. सही माझी. तू विरोधात एक शब्द लिहिला नाहीस, शाखेची किल्ली पाकिटात घालून पाठवलीस. नातेवाइकांना मी सांगितलं, ती घाबरली, वेळेवर बोलली नाही. तुझ्याबद्दल इतकी खोटी गोष्ट दुसरी नसेल. तू लहानपणीसुद्धा पाय दुखला तर पहिल्या पावलाला सांगायचीस. मीच म्हणायची, थोडं चाल, जाईल.

कार्ड फाडायला मी तीन वर्षं दिलं नाही. वाकडी रेघ होती म्हणून असेल. किंवा कधीतरी कुणी मागेल म्हणून.

काल लेकीला कार्ड वाचायला दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. म्हणाली, “नऊ वर्षं बोलते मी मावशीशी. तिने एकदाही तुझं नाव वाईट घेतलं नाही.” कार्ड टेबलावर ठेवून म्हणाली, “उत्तरेची कामं जातील, आई.”

“जाऊ शकतात.”

“मग आपण काय करायचं?”

“त्यांना आपणच आधी सांगायचं, त्यांनी विचारायच्या आत. आणि बूट करायचे. कायदे तीन असोत की तेरा, असमान पाय असलेला माणूस चांगला बूट शोधत येतोच.”

मग तिने यादी करायला वही उघडली. अगदी आपल्या बाबांसारखी, पेन्सिल कानामागे.

ताई

---

गुरुवार, ५ ऑक्टोबर

प्रिय टिचकी,

मुदतीला दोन दिवस आहेत. या पार्सलमध्ये काय आहे आणि कुणाला काय जायचं ते लिहून ठेवते. एक प्रत लेकीकडे आहे, म्हणजे मी विसरले तरी ती विसरणार नाही.

मूळ कार्ड तुला. नियमाने प्रत पुरली असती, पण तुझा पाय तुझ्याकडे असू दे. सोबत गाडीवाल्याच्या यादीचं ते खाडाखोडीचं पान आणि ‘अठराव्या दिवशी कळवली’ म्हणणाऱ्या माझ्या पत्राची प्रत.

तुमच्याकडच्या नोंदणी कार्यालयाला माझी कबुली, चार पानं, वकीलबाईंसमोर सही केलेली. ती सोमवारीच रवाना झाली. कार्डाची प्रत मात्र तिला जोडली नाही. कबुली माझी आहे, ती मी देऊ शकते. कार्ड तुझं आहे, ते तुझ्या परवानगीशिवाय दाखवणं मला जमणार नाही. प्रमाणित प्रत मोकळ्या पाकिटात घातली आहे. तूच दे, हवं तर.

उत्तरेच्या रुग्णालयाला वेगळं पत्र. त्यांचा फोन आला होता. कराराचा फेरविचार करू म्हणाले, आणि त्याच फोनवर पुढच्या महिन्यातल्या सहा मापांचं विचारलं. बघू.

त्या दोनशे अकरा ग्राहकांना माफीचं पत्र. त्यातल्या एकशे चाळीसांना गेलं. उरलेल्यांची कार्डं मुदतीप्रमाणे फाडली गेली, आता त्यांचा पत्ताच आपल्याकडे नाही. नियम नीट पाळल्याची शिक्षा अशीही असते. तुमच्या वर्तमानपत्रात निवेदन द्यायला सांगितलं आहे, त्यांनी तरी वाचावं.

तिन्ही कपाटांच्या चाव्या लेकीला. एक तारखेपासून सही तिची. तिने पहिल्याच दिवशी पिवळं कपाट राखाडी रंगवायला काढलं. मी काही बोलले नाही, म्हणजे दुपारपर्यंत बोलले नाही.

खिळेकाकांना माझं खिडकीजवळचं टेबल. त्यांनी मागितलं नव्हतं, पण उजेड तिथे चांगला आहे. ते म्हणाले, मालकिणीच्या जागी बसून खिळे तोंडात धरायला कसंतरी वाटतं. मी म्हटलं, मी मालकीण नाही, सोमवारपासून मी तळ शिवणार तुमच्या हाताखाली. त्यांनी खिळे काढले नाहीत, म्हणजे कबूल.

बाबांची बोटभर पेन्सिल तुझ्या नव्या कारखान्याला. परवाना यायच्या आधीच पाठवते, कारण तो येणार आहे.

तुझा लाकडी साचा मात्र इथेच ठेवला आहे, आणि त्याबद्दल तुला विचारायचं आहे. माझ्या मनात त्यावर एक जोड करायचा आहे. तपकिरी चामडं, हलका तळ, डावीकडे अठ्ठावीस, कदाचित आता तीस लागेल. पण माप घेतलं होतं जुन्या जोडासाठी. ग्राहकाने नव्याने होकार दिल्याशिवाय ते दुसऱ्या कामाला वापरायचं नाही, हा तुमच्याकडचा नियम मला फार आवडतो. संमतीपत्र सोबत आहे. सही केलीस तर खाकी कागदावर दोन्ही पायांची नवी रेघ काढून पाठव. सही नको असेल तर कोरं पाठव. मग साचा खिळेकाकांकडून तुला पोचता करीन आणि तुझी इथली नोंद पूर्ण मिटवून तसं लेखी कळवीन.

‘संस्थेशी संबंध’ हा रकाना या फॉर्मवरही आहे. तो मी मोकळा ठेवला आहे.

ताई